धारहून देवास किती दूर?

सामान्य ज्ञानाच्या स्पर्धांना अलीकडे आमच्या शाळांतून फार महत्त्व आले आहे, आणि त्या स्पर्धांत एक ठरावीक प्रश्न हटकून विचारला जातो. "नैरोबी आणि लागोस या आफ्रिकेतील दोन शहरांमधील हवाई अंतर किती, आणि विमानास तेथे जाण्यास वेळ किती लागतो?" विद्यार्थी ताडकन उभा राहतो आणि सांगतो, "सुमारे 3,800 किलोमीटर, सव्वापाच तास." टाळ्या होतात, गुण मिळतात, आणि पुढचा प्रश्न येतो. नैरोबी कोणत्या देशाची राजधानी, लागोस कोणत्या समुद्राच्या काठी वसले आहे, एका शहरातील माणसास दुसऱ्या शहरी जाण्याचे काय कारण पडावे, हे त्या मुलाला ठाऊक असतेच असे नाही. ठाऊक असण्याची अपेक्षाही कोणी करीत नाही. अंतराचा आकडा आला म्हणजे भूगोल आला, अशी आपणां सर्वांची एक सोयीस्कर समजूत होऊन बसली आहे.

आमच्या मते हे ज्ञान अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे कोणते हे सांगण्यासाठी आम्हांस आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. माळव्यातील धार आणि देवास ही दोन गावे त्या कामी पुरेशी आहेत.

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या शाळेची सहल माळव्यात गेली होती. धारचा किल्ला पाहून आम्ही बाहेर पडलो. याच किल्ल्यात 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे ऐकून मुलांनी थोडे आश्चर्य व्यक्त केले आणि लगेच न्याहारीची चौकशी केली. पुढचा मुक्काम देवासला होता. "गुरुजी, देवास किती दूर?" असे एकाने विचारताच दुसऱ्याने खिशातून मोबाइल काढला व एका क्षणात उत्तर दिले, "हवाई अंतर 87 किलोमीटर, विमानाने 36 मिनिटे." सर्व मुले हसली, कारण समोर आमची भाड्याची मोटारगाडी उभी होती, आणि तिचा चालक टायरला पाय लावून हवा तपासत होता.

हा आकडा कोठून येतो, हे मुलांना आम्ही त्याच रात्री पाटीवर काढून दाखविले, आणि येथेही सांगतो. कारण त्यात जादू काही नाही. धारचे अक्षांश सुमारे 22.60 आणि देवासचे 22.97, म्हणजे उत्तर-दक्षिण फरक 0.37 अंशाचा. पृथ्वीवर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. तेव्हा हा फरक झाला 41 किलोमीटर. रेखांश धारचे 75.30 आणि देवासचे 76.05, फरक पाऊण अंशाचा. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर 111 किलोमीटरांचा असला, तरी उत्तरेस जावे तसा तो आखडत जातो, आणि माळव्याच्या अक्षांशावर तो सुमारे 102 किलोमीटरांचा उरतो. म्हणून पूर्व-पश्चिम फरक 77 किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू. त्यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. 87 हा आकडा हाती येतो. नववीच्या मुलास हे सहज जमावे. नैरोबी-लागोससारख्या लांब पल्ल्यास मात्र पृथ्वीचा गोलावा धरावा लागतो, व तेथे गोलावरील त्रिकोणाचे गणित वापरतात, तत्त्व तेच.

आता वेळेचे पाहा. ताशी 800 किलोमीटर वेगाने उडणारे विमान 87 किलोमीटर साडेसहा मिनिटांत तोडील. चढण्या-उतरण्यासाठी म्हणून संगणक त्यात सरसकट अर्धा तास मिळवितो, आणि "36 मिनिटे" हे उत्तर छापून मोकळा होतो. नैरोबी-लागोसचे सव्वापाच तास याच रीतीने आलेले आहेत. 3,800 भागिले 800, अधिक अर्धा तास. त्यात वाटेवरचा एक ढगसुद्धा धरलेला नाही.

परंतु धारहून देवासला विमान जाते कोठे? प्रवासी विमान या दोन गावांमध्ये जात नाही. ज्यास विमानात बसावयाचे, त्याने इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर जावयाचे. आणि तो विमानतळ धारहून पन्नासाहून अधिक किलोमीटर दूर, देवासच्या वाटेवरच आहे! म्हणजे एखाद्या हौशी गृहस्थाने धारहून देवासला विमानाने जाण्याचा हट्टच धरला, तर अर्ध्याहून अधिक वाट त्यास मोटारीने तोडावी लागेल, आणि तेथे पोहोचल्यावर कळेल, की देवास आता जवळच आले असून विमानाचे काम उरलेले नाही. ज्या प्रवासाला विमान नाही त्याची मिनिटे सांगणे म्हणजे ज्या घरात पोर नाही त्या घरी बारशाचे पेढे वाटण्यासारखे आहे. आमची मोटार तो सुमारे 100 किलोमीटरांचा रस्ता, इंदूरच्या गर्दीसह, पावणेतीन तासांत काटून गेली. हे खरे अंतर.

येथे कोणी म्हणेल, की यात नवल ते काय? लहान गावांना विमान नसावयाचेच. होय, पण लहान गाव म्हणजे कोणते, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. धार ही परमारांची राजधानी. भोजराजा तेथे राज्य करीत होता तेव्हा इंदूरचे नावही कोणास ठाऊक नव्हते. 1728 च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या लढाईनंतर मराठ्यांचा माळव्यात जम बसला. पवारांची एक शाखा धारला आणि दुसरी देवासला नांदू लागली. पुण्याची पत्रे घेऊन जासूदजोड्या या वाटांनी धावत असत. त्या काळी धार, देवास आणि इंदूर ही तिन्ही गावे घोड्याच्या पायांनी मोजली जात, आणि घोड्यास सर्व गावे सारखीच.

पुढे आगगाडी आली, आणि तिने हा सारखेपणा मोडला. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी 1870 च्या सुमारास इंग्रज सरकारास एक कोट रुपयांचे कर्ज 101 वर्षांच्या मुदतीने दिले, आणि खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग घालून घेतला. घाट चढून गाडी महूला आली, इंदूरला आली. धारला आली नाही. देवासलाही आगगाडी आली ती स्वातंत्र्योत्तर काळात. धारवरून जावयाच्या इंदूर-दाहोद मार्गाचा शिलान्यास 2008 साली झाला. तोवर धारच्या कित्येक पिढ्यांनी आगगाडी प्रथम पाहिली ती इंदूरच्या नाहीतर महूच्या फलाटावर उभे राहून. विमानाचीही गोष्ट तीच. जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे पहिले विमान आणले, आणि तेच टपाल पुढे मद्रासेस नेणारे वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट होते. याच व्हिन्सेंटसाहेबांचा सल्ला घेऊन होळकर दरबाराने 1935 साली बिजासनच्या टेकडीजवळ विमानतळाची जागा निवडली, व 1937 साली मुंबई-दिल्लीच्या हवाई वाटेवर इंदूरचा थांबा झाला. एकदा रूळ आला की बाजार येतो, बाजारामागून गिरण्या येतात, गिरण्यांमागून विमान येते. आणि मग सर्व वाटा त्याच गावाकडे वळतात. धार आणि देवास यांमधील वाटही म्हणूनच इंदुरावरून जाते. नकाशावर ती सरळ रेघ नाही. खाली वाकलेला कोन आहे.

देवासची आणखी एक मौज मुलांना सांगण्याजोगी आहे. पवारांच्या दोन भावांनी, तुकोजी आणि जिवाजी यांनी, देवासचे राज्य घेतले आणि पुढे त्याच्या दोन पात्या झाल्या : थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, टेकडी एक, टेकडीवरील देवीची यात्रा एक. परंतु राजे दोन, दरबार दोन, कारभार दोन. हद्द शहरातून, रस्त्यावरून जात असे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून येथे राहिले होते, आणि पुढे 1953 साली त्यांनी या गावावर पुस्तक प्रसिद्ध केले. या दोन राजवाड्यांमधील हवाई अंतर संगणकास विचारले, तर तो बिचारा "एक किलोमीटरदेखील नाही" असे काहीसे सांगेल. पण त्या एका रस्त्याच्या दोन बाजूंस कर निराळे आणि न्यायाधीश निराळे होते. 1948 साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, तेव्हा देवासचे देवासपासूनचे अंतर मिटले.

त्याच 1948 साली देवासला एक तरुण गायक येऊन राहिले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व यांना क्षय झाला होता, आणि कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांनी देवास निवडले. बेळगाव ते देवास हवाई अंतर सुमारे 800 किलोमीटर. संगणकाच्या हिशेबाने दीड तास. कुमारजी तेथे पडून राहिले, वाटेने जाणाऱ्यांची माळवी लोकगीते ऐकत राहिले, बरे झाले, पुन्हा गाऊ लागले, आणि 1992 साली देवासलाच त्यांनी देह ठेवला. असो. गाण्याचा विषय निघाला की आमची लेखणी वाहवत जाते.

आता आफ्रिकेकडे येऊ. तेथील अंतरे समजून घ्यावयाची तर धार-देवासचा हा धडा फार उपयोगी पडतो. काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन राजधान्या वसल्या आहेत. एका काठी किन्शासा, दुसऱ्या काठी ब्राझाव्हिल. एका काठावरून दुसऱ्या काठाचे दिवे दिसतात. दोन्हीकडे राजभाषा फ्रेंच, दोन्हीकडील सामान्य माणसे बाजारात लिंगाला बोलतात. परंतु एक काठ बेल्जियमने घेतला होता, दुसरा फ्रान्सने. आणि 1960 साली दोन्ही देश स्वतंत्र झाल्यानंतरही नदीवर दोहोंना जोडणारा पूल झाला नाही. पुलाच्या योजना झाल्या. माणसे होडीने आणि लहान आगबोटीने जात-येत राहिली, कागदपत्रे दाखवीत राहिली. देवासच्या थोरल्या-धाकट्या पात्यांचीच ही मोठी आवृत्ती म्हणावी. फरक इतकाच, की देवासच्या मधून नदी वाहत नव्हती.

आफ्रिकेवरून विमाने कशी उडू लागली, हेही पाहण्यासारखे आहे. टाटांनी कराचीहून पहिले विमान आणले त्याच 1932 साली इंग्रजांची विमानसेवा लंडनहून केपटाऊनपर्यंत सुरू झाली. कैरो, खार्टूम, नैरोबी असे थांबे घेत तिला दहा-अकरा दिवस लागत. हे सर्व थांबे इंग्रजांच्या सत्तेखालील वा वर्चस्वाखालील मुलखातले. फ्रेंचांची विमाने त्यांच्या वसाहतींवरून पॅरिसकडे जात, बेल्जियमची ब्रसेल्सकडे. खंडाच्या आडव्या अंगाने, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, जाण्याची सोय करण्याचे कोणासही कारण नव्हते. म्हणून स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे पश्चिम आफ्रिकेतील माणसास पूर्व आफ्रिकेत जावयाचे तर लंडन किंवा पॅरिसला वळसा घालावा लागे. अशा माणसास "सव्वापाच तास" हे उत्तर ऐकून काय वाटले असेल? 1999 साली यामुसुक्रो येथे आफ्रिकी देशांनी एकमेकांसाठी आपापले आकाश मोकळे करण्याचा ठराव केला, आणि 2018 च्या जानेवारीत 23 देशांनी मिळून आफ्रिकेच्या एकत्रित हवाई बाजारपेठेचा आरंभ केला. एकोणीस वर्षे ठरावातून आरंभापर्यंत! आकाशात रूळ घालावे लागत नाहीत, पूल बांधावे लागत नाहीत. तरीही आकाशातील वाट इतकी अवघड असते.

आम्हां कोकणी भाषकांच्या घरी आफ्रिका हा नकाशातला नव्हे, तर घरातला शब्द आहे. गोव्यातील किती तरी कुटुंबांतील कर्ते पुरुष मोंबासा, नैरोबी, कंपाला येथे कारकून, शिंपी, स्वयंपाकी म्हणून गेले. गावात अशा माणसास 'आफ्रिकार' म्हणत. 'करांजा' आणि 'कंपाला' या नावांच्या आगबोटी मुंबईहून पूर्व आफ्रिकेस जात. प्रवास आठ-दहा दिवसांचा. नैरोबीत जन्मलेला पियो गामा पिंटो हा गोमंतकीय केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरला, तुरुंगात गेला, आणि देश स्वतंत्र झाल्यावर 1965 साली गोळीस बळी पडला. एअर इंडियाचे विमान 1950 च्या जानेवारीत मुंबईहून एडनमार्गे नैरोबीस जाऊ लागले, तेव्हा आठ-दहा दिवसांची वाट एकदम तासांवर आली. मुंबई ते नैरोबी सुमारे 4,500 किलोमीटर. आजच्या थेट विमानास सहा तासांच्या आसपास. परंतु त्या काळी विमानाचे तिकीट कोणाच्या खिशास परवडत होते? कारकुनाचे कुटुंब आगबोटीनेच जात राहिले. एकाच वर्षी, एकाच दोन शहरांमध्ये, साहेबासाठी एक अंतर होते आणि त्याच्या स्वयंपाक्यासाठी दुसरे.

आमच्या कोकणीत दूर म्हणजे 'पयस' आणि जवळ म्हणजे 'लागीं'. आमची आजी मोंबासाला 'लागीं' म्हणे, कारण तेथून दर दोन महिन्यांनी पत्र येई. आणि घाटावर दिलेल्या आपल्या बहिणीचे गाव तिला 'पयस' वाटे, कारण तिकडून पत्र येत नसे. मराठीतही पाहा. 'हाकेच्या अंतरावर' यात मोजमाप आवाजाचे आहे, 'मजल' यात थकलेल्या पायांचे, 'कासराभर दिवस' यात सूर्याच्या उंचीचे. कोस तर प्रांतोप्रांती निराळा होता. आपल्या पूर्वजांस मोजता येत नव्हते असे नव्हे. अंतर कापणारा कोण, हे मोजमापातच सांगून ठेवण्याची त्यांची रीत होती.

आमचे हे विचार शिक्षकांच्या खोलीत मांडले असता गणिताच्या गुरुजींनी हरकत घेतली. ते म्हणाले, "सरळ रेषेचे अंतर खोटे म्हणू नका. ते बदलत नाही, हाच त्याचा गुण. तुमची पावणेतीन तासांची वाट उद्या रस्ता रुंद झाला की दोन तासांची होईल. 87 किलोमीटर मात्र 87 च राहतील." हे अगदी यथार्थ आहे. वैमानिकास किती इंधन घ्यावयाचे, हे याच आकड्यावरून ठरते. वादळ किनाऱ्यापासून किती दूर आहे, ते सरळ रेषेनेच मोजावे लागते. आणि आम्ही तर म्हणतो, की वाट किती वाकडी आहे हे कळण्यासाठीसुद्धा सरळ रेघ आधी हवी. धार-देवासची 87 आणि 100 ही जोडी पाहिली म्हणजे इंदूरचा वळसा आकड्यांत दिसतो : तेरा किलोमीटर, आणि वर शहरातील गर्दीचा पाऊण तास. आमचा आक्षेप आकड्यास नाही. आकडा मिळाल्यावर विचार थांबविण्यास आहे. गणिताच्या गुरुजींनी मान डोलविली. ती पटल्यामुळे की तास भरल्याची घंटा झाल्यामुळे, हे सांगता येत नाही.

हा सर्व खटाटोप आम्ही का करीत आहोत, हे आता सांगितले पाहिजे. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेतील काही मुली पुढे शिकावयाच्या थांबतात. त्यांच्या घरी आम्ही जातो. घरची माणसे वाईट नसतात, चहा देतात, मुलीच्या गुणांचे कौतुक करतात, आणि मग एकच शब्द उच्चारतात : "गुरुजी, लांब पडतं." कॉलेज असते आठ-नऊ किलोमीटरांवर. त्याच घरातील मुलगा त्याच कॉलेजात जात असतो, आणि त्याला ते लांब पडत नाही. मग लांब काय असते? सकाळच्या बसनंतर दुपारची बस नाही. थांब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवा नाही. सोबतीला दुसरी मुलगी नाही. घरची सायकल भावाकडे आहे. नऊ किलोमीटर हे अंतर मुलीसाठी निराळे आणि मुलासाठी निराळे आहे, जसे मुंबई-नैरोबीचे साहेबासाठी आणि स्वयंपाक्यासाठी निराळे होते. "अहो, फक्त नऊच किलोमीटर तर आहे!" असे म्हणणारा शिक्षक त्या घरात हमखास हरतो, कारण तो आकडा सांगत असतो आणि घरची माणसे वाट सांगत असतात.

आणि वाट बदलता येते. बिहार राज्यात 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी सरकारने पैसे देण्यास आरंभ केला. तासाभराची पायपीट वीस मिनिटांवर आली. शिवाय एका गावाच्या दहा मुली एकदम सायकलीवरून निघू लागल्या, तेव्हा सोबतीचा प्रश्न आपोआप सुटला. पुढे अभ्यासकांना असे आढळून आले, की ज्या गावांपासून हायस्कूल तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होते, तेथेच या सायकलींचा लाभ सर्वांत अधिक झाला. शाळा जागची हलली नव्हती. गाव जागचे हलले नव्हते. अक्षांश-रेखांश तेच. अंतर मात्र कमी झाले होते. संगणकाला हे विचारा. तो "बदल नाही" असे सांगेल.

म्हणून ज्या मुलाने नैरोबी-लागोसचे अंतर सांगितले त्याला आम्ही पुढचे चार प्रश्न विचारू इच्छितो. थेट विमान नसेल त्या दिवशी कोणत्या गावावरून जावे लागेल? तिकिटास किती पगार लागेल? ही वाट कोणी आखली आणि कोणासाठी? आणि तुझ्या बहिणीला हीच वाट तेवढ्याच वेळात तोडता येईल काय? या प्रश्नांस गुण कसे द्यावयाचे, अशी शंका परीक्षक काढतील. ती रास्त आहे. पण पाठ केलेल्या आकड्यास गुण देण्याची अडचण आपणांस इतकी वर्षे वाटली नाही, तर याचीही काही तोड निघेल.

1881 साली लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने जगाचा एक विलक्षण नकाशा काढला होता. त्यात देशांचे रंग नव्हते. लंडनहून निघालेला माणूस किती दिवसांत कोठे पोहोचेल, त्याचे रंग होते. दहा दिवसांच्या आतील प्रदेशाचा एक रंग, वीस दिवसांचा दुसरा, असे करीत चाळीस दिवसांहून अधिकच्या प्रदेशाचा शेवटचा रंग. आफ्रिकेचा बहुतेक अंतर्भाग त्या शेवटच्या रंगात बुडालेला होता. तो नकाशा लंडनकरांचा. तसा नकाशा प्रत्येक गावाचा, किंबहुना प्रत्येक शाळेचा असू शकतो, आणि येत्या जूनपासून आठवी-नववीच्या मुला-मुलींनी आमच्या शाळेचा असा नकाशा काढावयास घ्यावा असे आम्ही ठरविले आहे. मध्यभागी शाळा, भोवती गावे, दवाखाना, कॉलेज, तालुक्याची कचेरी, पुणे, मुंबई, माळवा, आणि ज्या घरांतील माणसे परदेशी आहेत त्यांची शहरेही. अंतर तासांत लिहावयाचे. मुलांसाठी निळ्या शाईने आणि मुलींसाठी तांबड्या शाईने, वेगवेगळे. दोन्ही आकडे सारखे आले तर फारच उत्तम.

यासाठी घरोघरच्या मंडळींचे साह्य हवे. आजी-आजोबांनी आपण प्रथम परगावी केव्हा गेलो, कशाने गेलो, किती वेळ लागला, सोबतीला कोण होते, हे नातवंडांस सांगावे व साल आठवत असल्यास तेही सांगावे. ज्या मातांचे माहेर दूर आहे त्यांनी तेथे जाण्यास लागणारा वेळ, आणि शेवटची भेट किती दिवसांपूर्वी झाली, असे दोन्ही आकडे लिहून द्यावेत. ज्यांचे नातलग धारला, देवासला किंवा इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत, त्यांच्याकडे जुन्या प्रवासाची पत्रे असतील. त्यांची नक्कल करून मूळ पत्र परत केले जाईल. कागद शाळेच्या ग्रंथालयात, कपाटाजवळ ठेवलेल्या खोक्यात टाकावेत. नाव लिहिले नाही तरी चालेल. पण कोठून कोठे, आणि किती तास, हे स्वच्छ अक्षरात लिहावे.